काटा, लेबल आणि हजेरीची वही

गेले काही आठवडे आपण गटाचा उद्योग सुरू कसा करायचा, यावर बोलतोय. कर्ज, यंत्र, जागा, बाजार सगळं झालं. आजचा विषय उद्योग सुरू झाल्यानंतरचा आहे. प्रशिक्षणात फळ्यावर ‘व्यवसायातील नीतिमूल्ये’ असं लिहितात, आपण ते वहीत उतरवून घेतो आणि चहाच्या सुट्टीत विसरतो. शब्दच असे की वाटावं, हे कारखानदारांसाठी असेल. आपण दहा-बारा बाया, आपल्यात कोण कोणाला फसवणार?

पण ‘मापात पाप’ हे शब्द काही कारखानदारांनी आणलेले नाहीत. शेर-पायलीनं धान्य मोजून घेणाऱ्या साध्या माणसांच्या तोंडचे ते शब्द आहेत. आणि आमचा अनुभव असा, की बहुतेक बाया पाप करायचं म्हणून करत नाहीत. हिशेब कुठेतरी चुकलेला असतो, पैसे कमी पडतात, आणि कमी पडलेले पैसे कोणाच्या तरी ताटातून काढले जातात. म्हणून आज हिशेबापासूनच सुरुवात करू.

उदाहरण मसाल्याचं घेऊ, कारण उन्हाळ्यात आपल्यातले कितीतरी गट चटणी-मसाल्याच्या मागे असतात. समजा, दहा जणींच्या गटानं एका हंगामात कांदा-लसूण मसाल्याची 200 ग्रॅमची 1,500 पाकिटं विकली, 120 रुपयांना एक. आले 1,80,000 रुपये. मिरची, धने, खोबरं, तेल, कांडप, पाकिटं, लाईट, गाडीभाडं मिळून गेले 1,50,000. उरले 30,000. बहुतेक गट इथे सरळ भागाकार करतात. प्रत्येकीला 3,000. टाळ्या वाजतात, बैठक संपते.

आता हजेरी बघा. सहा जणी प्रत्येकी 16 दिवस आल्या. मिरची निवडली, देठं खुडली, वाळवली, भाजली, पाकिटं भरली, बाजारात बसून विकली. उरलेल्या चौघी सहाच दिवस आल्या. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या लेकीचं बाळंतपण, कोणाचं नुसतंच ‘येते, येते’. पैसे मात्र सगळ्यांना सारखे. पहिल्या हंगामात कोणी बोलत नाही. दुसऱ्या हंगामात कुजबुज होते. तिसऱ्या हंगामात गट फुटतो आणि पारावर बसलेले म्हणतात, ‘बायकांचं कधी जमलंय का!’ जमलं होतं हो. मजुरी आणि नफा हे दोन वेगळे पैसे एकाच डब्यात पडले, तेवढ्यानं बिघडलं.

दोन डबे करा. 16 दिवस गुणिले सहा जणी, 96 दिवस. सहा दिवस गुणिले चार जणी, 24 दिवस. एकूण 120 दिवस काम झालं. दिवसाला 200 रुपये मजुरी धरली तर 24,000 मजुरीच्या डब्यात गेले. 6,000 राहिले, तो नफा. तो दहा जणींत सारखा वाटला तर प्रत्येकीला 600. म्हणजे 16 दिवस राबलेलीला 3,200 आणि 600 मिळून 3,800. सहा दिवसवालीला 1,200 आणि 600 मिळून 1,800. दोघींनाही हिशेब दिसतो, दोघींनाही तो पटतो. ज्या घरी बाळंतपण आहे तिला भागीदार म्हणून नफ्याचा वाटा मिळालाच, फक्त न केलेल्या कामाचा रोज मिळाला नाही.

आता जरा अवघड भाग. 200 रुपये रोज, हा रोज झाला का? 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता. आपण 300 धरू. 120 दिवसांचे 36,000 होतात आणि आपल्याकडे आहेत 30,000. नफा सोडा, 6,000 रुपयांचा तोटा आला! जे 30,000 आपण नफा म्हणून वाटून घेतले ती आपलीच मजुरी होती, तीही रोजगार हमीपेक्षा कमी दरानं. पाकिटाची किंमत ठरवताना ‘घरच्याच बाया आहेत’ म्हणून आपण स्वतःचे हात फुकट धरले होते.

हे 6,000 कुठून तरी भरून काढायचे असतात. आणि इथेच नीतिमूल्यं तो फळा सोडून आपल्या कांडपाच्या खोलीत येतात.

पहिली वाट काट्याची. 200 ग्रॅमच्या पाकिटात 190 ग्रॅम भरायचे. दहा ग्रॅम म्हणजे किती, दोन चमचे. पण 1,500 पाकिटांचे ते 15 किलो होतात, 600 रुपये किलोनं 9,000 रुपये. तोटा भरून वर तीन हजार. कोणी ठरवून असं करतं असंही नाही. काट्यावर रिकामं पाकीट ठेवून शून्य करायचं राहून जातं, पाकिटाचं वजन मसाल्यात धरलं जातं, आणि पाकीट हलकं जातंय हे कळल्यावरही कोणी बोलत नाही. ती न बोलण्याची वेळ महत्त्वाची.

नियम काय म्हणतो? पाकिटावर लिहायचं ते निव्वळ वजन, म्हणजे आतल्या मालाचं, पिशवी सोडून. व्यापारासाठी वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं. स्वयंपाकघरासाठी मिळणारा स्वस्त काटा दिसायला छान असतो, पण त्यावर तोलून माल विकता येत नाही. आमची एक साधी सूचना आहे. दर 25 पाकिटांमागे एक पाकीट पुन्हा तोला, आणि जिनं भरलं तिनं नव्हे, दुसरीनं तोलायचं. यात संशय नाही. घरात दूध उतू जाऊ नये म्हणून दोघींनी लक्ष ठेवावं तसं आहे हे.

दुसरी वाट लेबलची. छापलेलं माणूस खरं मानतं, म्हणून तिथे मोह जास्त. ब्याडगी मिरची म्हणजे गडद लाल रंग आणि तिखटपणा बेताचा. ती महागही पडते. अर्धी ब्याडगी आणि अर्धी गुंटूर घातली तर चव वाईट होत नाही, उलट काही घरांना तसाच मसाला आवडतो. पण मग पाकिटावर नुसतं ‘ब्याडगी मिरचीचा मसाला’ लिहायचं नाही. दोन्ही मिरच्यांची नावं लिहायची. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायची असते, जे जास्त ते आधी. खोबऱ्यापेक्षा मीठ जास्त असेल तर मीठ आधी येणार, मग ते वाचायला बरं दिसो वा ना दिसो. बनवणाऱ्या गटाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर, अन्न नोंदणीचा 14 आकडी क्रमांक, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, हे सगळं लागतं. दुकानात ठेवायच्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचं तर प्रमाणपत्र हवं. ‘आमच्या शेतात खत घालत नाहीत’ हे खरं असलं तरी ते प्रमाणपत्र होत नाही.

तारखेचं तर फारच सांभाळा. मसाल्यात खोबरं आणि तेल असतं, ते काही महिन्यांनी खवट होतं. दिवाळीत न खपलेली पाकिटं संक्रांतीच्या प्रदर्शनात नवीन स्टिकर लावून न्यायची, हे आम्ही एकापेक्षा जास्त ठिकाणी ऐकलंय. ज्या घरात ते पाकीट उघडेल तिथली बाई पहिल्या वासालाच ओळखते. ती तुमच्याकडे भांडायला येणार नाही. ती फक्त पुन्हा येणार नाही.

तयार मिरचीपूड विकत आणून आपल्या पिशवीत भरणाऱ्या गटांनी एक लक्षात ठेवावं. पूड कोणीही दळलेली असो, नाव आपलं लागलं की जबाबदारी आपली झाली. पेलाभर पाण्यावर चिमूटभर पूड टाकून बघा. टाकल्याबरोबर पाण्यात रंगाचे ओघळ उतरू लागले तर वरून रंग मिसळल्याची शंका घ्या. तळाचा गाळ बोटानं चोळून खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा वाळू असू शकते. घरची चाचणी शेवटचा पुरावा नसते, पण त्या व्यापाऱ्याचा माल परत करायला ती पुरेशी आहे. सगळ्यात बरं म्हणजे आख्खी मिरची घ्यावी आणि डोळ्यांदेखत कांडून आणावी.

इथे लिज्जत पापडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1959 साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच पापड करा, चांगलाच करा, आणि प्रतीत तडजोड करू नका. देणगी घ्यायची नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं. पुढे हजारो बायका त्यात आल्या, तरी लाटणारी प्रत्येक बाई ‘बहीण’ आणि मालकीण राहिली. लाटणाईचा पैसा वेगळा आणि नफ्यातला वाटा वेगळा, हे दोन डबे तिथेही आहेत.

आता तिसरी वाट, आणि आजचं आमचं खरं सांगणं याच्याबद्दल आहे. काम वाढलं की गट बाहेरून बाया बोलावतो. देठं खुडायला, लसूण सोलायला, पाकिटं चिकटवायला. या बाया गटात नसतात. बहुतेक वेळा त्या आपल्याहून गरीब असतात, एकट्या असतात, बचतीचे शंभर रुपयेही भरता येत नाहीत म्हणून गटाबाहेर राहिलेल्या असतात. काल आपण दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जात होतो, आज आपण कोणाला तरी रोजानं बोलावतो. आपण मालकीण झालो, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

‘किलोमागे 15 रुपये देतो, पाहिजे तेवढं कर’ असं म्हटलं की वाटतं, हा चोख व्यवहार झाला. तर घड्याळ लावून बघा. आपल्यातल्याच एखाद्या चपळ बाईला आठ तास बसवा. तिनं दिवसभरात 12 किलो मिरची निवडली तर झाले 180 रुपये. म्हणजे दर चुकला. कायद्याप्रमाणे नगावर किंवा किलोवर काम दिलं तरी दिवसाची किमान मजुरी तिला पडलीच पाहिजे. किमान वेतन कामाप्रमाणे आणि ठिकाणाप्रमाणे वेगवेगळं असतं आणि त्यातला महागाईशी जोडलेला भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या. आणि एक. मिरची निवडायला बाईबरोबर एखादा म्हातारा बाबा बसला, तर त्याला 300 आणि तिला 200 चालणार नाही. काम तेच, तर मजुरी तीच. हे 1976 पासून कायद्यात आहे. पोती उचलणाऱ्या गड्याचं काम वेगळं आहे, त्याची तुलना इथे आणू नका. बैठकीत ही पळवाट हमखास निघते.

पैशाइतकंच बाकीचं. मिरचीच्या धुरळ्यात नाक-तोंड बांधायला स्वच्छ फडकं किंवा मास्क, हातमोजे, हात धुवायला तेल-साबण, प्यायचं पाणी, आणि संडासला जायची सोय. आपल्या घरात काम चालत असेल आणि तिला मात्र ‘तिकडे शेजारी जा’ म्हणत असू, तर थांबून विचार करा की का म्हणतोय. चहाचा कप तिचा वेगळा ठेवतोय का, हेही बघा. यावर आम्ही जास्त बोलत नाही. ज्या घरात हे होतं, त्या घराला ते माहीत असतं.

उचल दिली असेल तर ती वहीत लिहा आणि तिच्यासमोर लिहा. तोंडी उचलीचं गणित नेहमी देणाऱ्याच्या बाजूनं वाढतं. मजुरी आठवड्याच्या ठरल्या दिवशी द्या. ‘माल विकला की देऊ’ हे भागीदाराला म्हणता येतं, मजुराला नाही. माल विकला जाण्याची जोखीम तिची नाही, कारण नफ्यात तिचा वाटा नाही.

गिरणीवाला, टेम्पोवाला, दुकानदार, कोणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर ‘गिऱ्हाईक तुटेल’ म्हणून तिला गप्प बसवू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मोठ्या ऑफिसांपुरता नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही त्यात येते. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. या कायद्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरी देवी आहेत. गावात बालविवाह थांबवायचं काम करत होत्या म्हणून 1992 साली त्यांच्यावर अत्याचार झाला, आणि त्यातून 1997 चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला. म्हणजे हा कायदा आपल्यासारख्याच गावातून वर गेलेला आहे.

काटा, लेबल आणि मजूर बाई सोडून चौथी वाट असते, तीच सगळ्यात शेवटी आठवते. पाकिटाचा दर वाढवायचा. 6,000 रुपये 1,500 पाकिटांवर टाकले तर पाकिटामागे चार रुपये होतात. दर 130 केला तर 15,000 जास्त येतात, तोटा जाऊन 9,000 नफा राहतो. दहा रुपयांनी काही गिऱ्हाईक तुटेल, हे खरं आहे. त्याची तयारी ठेवावी लागेल, पाकिटं थोडी कमीही खपतील. पण दर का वाढला हे बाजारात सांगता येतं. वजन का घटलं हे सांगता येत नाही.

आता गटाच्या आतल्या दोन-तीन गोष्टी भराभर. सरसच्या प्रदर्शनात स्टॉलवर क्यूआर कोड लावता, तो कोणाच्या खात्याचा आहे? सचिव ताईंच्या मुलाच्या मोबाईलचा असेल तर मुलगा कितीही चांगला असो, गटाच्या खात्याचा कोड काढा. तोवर रोज रात्री जमा झालेली रक्कम सगळ्यांदेखत वहीत लिहा. अध्यक्षांच्या दिरांची कांडपाची गिरणी असेल तर तिथे कांडायला हरकत नाही, पण दर तीन ठिकाणी विचारा आणि त्या ठरावाच्या वेळी अध्यक्ष ताईंनी बाजूला बसावं. ‘माझा संबंध आहे, तुम्ही ठरवा’ एवढं म्हटलं की त्यांचीच इज्जत राहते. व्यापाऱ्यानं दिवाळीला साडी दिली तर ती गटाच्या वहीत नोंदवा. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेब लेखनाचं आहे, ते फक्त बँकेला दाखवायला नाही.

आणि नाव कोणाला वापरू देऊ नका. ऑक्टोबर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, शक्यतो गावातले लोक, बचत गट, महिला मंडळं यांना काम द्यावं. निर्णय आपल्या बाजूचा होता. पण लहान गट मागेच राहावेत अशा अटी येत राहिल्या, आणि 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या आहाराच्या निविदा त्याच न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या. म्हणून एखादा भाऊ येऊन म्हणाला, ‘ताई, फक्त गटाचा शिक्का आणि सह्या द्या, बाकी मी बघतो, तुम्हाला महिन्याला इतके’, तर समजून घ्या की माल त्याचा, पैसा त्याचा आणि उद्या चौकशी आली तर गुन्हा तुमचा. बिल काढायला कोणी टक्केवारी मागितली तर लाचलुचपत विभागाचा 1064 हा फोन आहे.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. मागच्या हंगामाचा हिशेब काढा आणि मजुरी वेगळी करून पुन्हा मांडा, आकडा जो येईल तो येऊ द्या. आणि हजेरीची वही सचिव ताईंच्या कपाटात ठेवू नका. कामाच्या खोलीत दाराजवळ खिळ्याला अडकवा, पेन दोऱ्यानं बांधून. गटातली असो की रोजानं आलेली, प्रत्येकीनं आल्याची वेळ स्वतः लिहायची. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारी शाईचा पॅड ठेवा.